बटाट्याचं पांढरं

आमच्या मिलमध्ये चहाच्या सुट्टीत कोणी ना कोणी म्हणतंच, "प्रकाशभाई, ते बटाट्याचं सांगा ना!" आता कुठलं सांगायचं? असले किस्से कोणी ठरवून जमवत नाही हो. माणूस सरळ मनाने स्वयंपाक करायला जातो, आणि मागे दोनच गोष्टी उरतात. खरकटी भांडी आणि किस्से. भांडी निदान घासता तरी येतात!

माझी आधी ओळख करून देतो, म्हणजे तुम्हाला माझी लायकी कळेल. मी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कलर किचनला आहे. साडीवर छापायचे रंग आणि गोंद जिथे कालवतात, त्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणतात. लग्न जमवताना मध्यस्थाने माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा सुरतेला आहे, किचनमध्ये." सासरे धरणगावचे. त्यांनी त्यातला 'किचन' एवढाच शब्द उचलला आणि घरी जाऊन सांगितलं, "पोरगी उपाशी राहणार नाही!"

संगीता, म्हणजे माझी बायको, अजून ते वाक्य मला ऐकवते. विशेषतः मी गॅस पेटवला की.

* * *

हे सगळं सुरू झालं आईच्या दातांवरून. आमची आई म्हणजे खणखणीत बाई. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कच्चा कांदा हा तिचा नाष्टा! पण हिरड्या सुजायला लागल्या, दात हलायला लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी उरलेसुरले सगळेच काढून टाकले. म्हणाले, हिरड्या नीट भरू द्या, मग कवळी. तोवर मऊ खायचं.

मऊ म्हणजे काय? पहिल्या आठवड्यात खिचडी झाली, उपमा झाला, लापशी झाली. आई एक-दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची. "माले भूक नही." बोलायची तेसुद्धा पदर तोंडावर धरून. हसणं तर बंदच झालं. जी बाई गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी भांडायची, ती दार लावून घरात बसायला लागली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

संगीता घरी साड्यांना लेस लावायचं जॉबवर्क करते. एक दिवस तिने मशीन थांबवलं आणि म्हणाली, "मला येतं तेवढं मऊ सगळं करून झालं. आता तुमची आई, तुमचा नंबर!"

माझी मुलगी श्रुती कॉलेजला आहे. तिने मोबाईलवर एक व्हिडिओ लावून दिला. कोणी गोरा माणूस उकडलेले बटाटे चेचतो, त्यात बटर, दूध, मूठभर चीज घालतो, आणि डोळे मिटून खातो. दाताचं कामच नाही!

"पप्पा, आ तो एकदम ईझी छे," श्रुती म्हणाली. आमच्या घरात आजी अहिराणीत बोलते, आम्ही मराठीत आणि पोरगी गुजरातीत. भांडण मात्र सगळ्यांना सगळ्यांचं कळतं.

मी कामाला लागलो. बटाटे उकडले, चेचले, बटर घातलं. आणि अडलो. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, मीठ चवीनुसार. आता चवीनुसार हे काय माप झालं? मिलमध्ये मी रंगाच्या रेसिपीत 'चवीनुसार' लिहिलं, तर रंगखात्याचे मास्तर मला चवीनुसार गेटबाहेर उभं करतील! आमच्याकडे सगळं टक्क्यांत. मी बटाट्याचं वजन केलं, चीज किती टक्के, दूध किती टक्के हे काढलं, आणि त्याच हिशोबात मीठही बसवलं. काट्यावर मोजून घातलं. एक कण इकडे नाही की तिकडे नाही!

आईसमोर वाटी ठेवली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे. तिने चमचा तोंडात घातला, घास बराच वेळ जिभेवर ठेवला, गिळला. मग पाणी प्यायली. मग आणखी पाणी प्यायली. आणि शांतपणे मला म्हणाली,

"परकास, आठून समुद्र कितला दूर शे रे?"

* * *

दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं, पण आईच्या जिभेला गुठळ्या लागल्या. दात नसलेल्या माणसाला गुठळी म्हणजे खडा. मला वाटलं, एवढं हाताने चेचत बसायचं कशाला? घरात मिक्सर आहे. रंग कालवताना एक गुठळी राहू देत नाही मी, बटाटा काय चीज आहे!

उकडलेले बटाटे, दूध, चीज, सगळं मिक्सरमध्ये टाकलं आणि बटण फुल फिरवलं. झाकण उघडलं तर आत चकचकीत, ताणलं की लांब होणारा एक प्रकार. चमचा उभा केला, तो उभाच राहिला. उचलला, तर भांडं चमच्यासोबत वर आलं.

मी वास घेतला. बोटांवर घेऊन चोळून बघितलं. इतकी वर्षं रोज जे बघतोय ते मला ओळखू येणार नाही? हा तर आमचा छपाईचा गोंद होता! साडीवर छापला असता तर रंग जागचा हलला नसता.

"पप्पा, मॅश करवानुं होय, मिक्सरमां नहीं!" श्रुतीने कपाळाला हात लावला. बटाटा जास्त फिरवला की त्याची खळ होते, हे त्या गोऱ्या माणसाने व्हिडिओत सुरुवातीलाच सांगितलं होतं म्हणे. मी तेवढं पुढे ढकललं होतं.

आई चमच्याकडे बघून म्हणाली, "हाई माले नको. तोंड उघडाव नही परत."

मी भांडं सिंकमध्ये ठेवायला निघालो, तर संगीताने हात धरला. "थांबा हो. टाकू नका." तिने बोटभर गोंद घेतला, साडीच्या एका चिंधीवर लावला आणि त्यावर लेसची टिकली दाबून बसवली. संध्याकाळी ती चिंधी मला दाखवायला आणली. टिकली हलत नव्हती.

"रोज करत जा," ती म्हणाली. "खायला नाही. मला फेव्हिकॉलसारखं काहीतरी लागतंच!"

* * *

आता कमलमावशींची गोष्ट सांगायला पाहिजे. आमचं घर डिंडोलीत, तिसऱ्या मजल्यावर. कॉमन गॅलरी आहे, आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला कमलमावशी राहतात. मूळच्या बुलढाण्याकडच्या. त्यांचे मालक रेल्वेत होते, आता नाहीत. हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा मोठा फोटो, आणि दारात आमच्या तुळशीपेक्षा मोठं कोरफडीचं झाड.

त्यांचं आणि आईचं बोलणं नव्हतं. कित्येक वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून काहीतरी झालं होतं. दोघींना आता ते आठवतही नव्हतं, पण बोलायचं नाही हे मात्र पक्कं आठवत होतं!

आईचे दात काढल्याचं मजल्यावर कळलं. एका दुपारी दारात कमलमावशी. आई पदर तोंडावर घेऊन आत पळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पयतं कुठं वं? मलेबी एकबी नाही." आणि तोंड उघडून दाखवलं. खरंच एकही दात नव्हता!

आई थांबली. मावशी चौकटीला टेकून खालीच बसल्या. "तुही कवळी तरी व्हईन," त्या म्हणाल्या. "माह्यं जबड्याचं हाडच झिजलं म्हने डाक्टर. कवळी बसतच नाई. तीनदा करून पाह्यली, तीनदा ताटात पडली."

आई फिस्सकन हसली. दात काढल्यापासून पहिल्यांदा! आणि मी नेमका त्याच वेळी आतून वाटी घेऊन आलो. त्या दिवशी श्रुतीने आणलेलं चीज संपलं होतं, आणि नवं आणायला मी मोठा पराक्रम केला होता.

झालं असं की पर्वत पाटियाला एका दुकानात मी विचारलं, "चीज छे?"

दुकानदार म्हणाला, "भाई, चीज तो घणी छे. कई जोईए?"

"चीज."

"हा, पण कई चीज?"

"अरे, चीज! खावानी!"

"खावानी चीज पण घणी छे!"

मागे रांग लागली. शेवटी मी हाताने गायीची शिंगं करून दाखवली, तेव्हा त्याने चीजच्या स्लाइसचं पाकीट पुढे केलं. तो हसत होता. त्याला आधीपासूनच कळलं होतं, असा मला अजून संशय आहे.

तर त्या स्लाइस मी गरम बटाट्यावर एकावर एक रचल्या होत्या. आई आणि मावशी, दोघींसमोर एकेक वाटी. दोघींनी चमचे भरले. मावशी बराच वेळ तोंड हलवत राहिल्या. मग दोन बोटं तोंडात घालून त्यांनी एक पातळ, पारदर्शक चौकोन हळूहळू बाहेर ओढला आणि उजेडात धरला.

प्रत्येक स्लाइसला वेगळं प्लॅस्टिक असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

मावशींनी तो चौकोन माझ्या हातात ठेवला आणि आईला म्हणाल्या, "बेस झालं बाप्पा, आपल्याले दात नाईत. असते तं चाऊन गिळलं असतं!"

त्या दिवसापासून कमलमावशी रोज चारला यायला लागल्या. मी पहिल्या पाळीला असतो, साडेतीनला घरी. चारला बटाटा तयार. त्या पदार्थाला घरात कोणी व्हिडिओतलं नाव ठेवलं नाही. आईने त्याला नाव दिलं, 'पांढरं'.

* * *

मध्येच आईचा भाऊ, म्हणजे माझे मामा, अमळनेरहून एका लग्नाला आले. चार वाजता दोघी गॅलरीत चटईवर बसून पांढरं खाताहेत, हे मामांनी बघितलं. त्यांनी आईच्या वाटीत वाकून पाहिलं. वास घेतला. मला हाक मारली.

"भाचा, हाई काय शे?"

"मॅश पोटॅटो, मामा. चीज घालून."

"भरीत शे का?"

"हो... म्हणजे, तसंच. बटाट्याचं."

मामा गंभीर झाले. खानदेशातल्या माणसासमोर भरीत हा शब्द जपून वापरावा, हे मी विसरलो होतो. "मंग वांगं कोठे शे? वांगं मरी गयं का?"

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि थेट ओट्यापाशी गेले. मला कामं सांगितली: लसूण सोल, मिरच्या धू. मी, म्हणजे घरचा शेफ, पाटावर बसून लसूण सोलतोय! मामांनी हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या, लसणासोबत ठेचल्या, तेलात कांद्याची पात आणि शेंगदाण्याचा बारीक कूट परतला, आणि ते सगळं माझ्या पांढऱ्यावर ओतलं. वर चीज होतंच, ते वितळून तेलात मिसळलं.

मी म्हणालो, "मामा, दोघींना तिखट लागेल. हिरड्या कच्च्या आहेत."

आईने वाटी पुढे केली. एक चमचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं. नाक पुसलं. दुसरा चमचा खाल्ला. मावशींनी तर वाटी पुसून बोट चाटलं. आणि महिन्याभरात पहिल्यांदा आईने आपणहून पुन्हा वाढून मागितलं.

मी मनातल्या मनात खूश होतो. शेवटी पाया तर माझाच होता ना! बटाटा मी उकडला, चीज मी आणलं, प्लॅस्टिकसुद्धा आठवणीने काढलं. मी म्हणालो, "म्हणजे मामा, माझं नव्वद टक्के बरोबर होतं."

मामा हात धूत होते. मागे न बघता म्हणाले, "हा. नव्वद टक्के बरोबर व्हतं, म्हनीसन तर कोनी परत मांगत नव्हतं!"

* * *

छोटासा आहे, पण हाही ऐका. खालच्या मजल्यावर हेतलबेन राहतात. जैन आहेत, बटाटा खात नाहीत. त्यांच्या सासूबाईंनाही दातांचा त्रास सुरू झाला, आणि माझी कीर्ती तोवर तळमजल्यावर पोचली होती. हेतलबेन म्हणाल्या, "प्रकाशभाई, काचा केळानुं बनावी आपो ने."

केलं. कच्ची केळी उकडली, चेचली, बटर, चीज, सगळं साग्रसंगीत. फक्त केळं काळं पडतं, हे केळ्याने मला आधी सांगायला हवं होतं. वाटीत जे तयार झालं त्याचा रंग मी कलर किचनमध्येही कधी बनवला नव्हता.

सासूबाई फार सभ्य. त्यांनी वाटी दोन्ही हातांत घेतली, आशीर्वाद दिला, आतल्या पदार्थाकडे प्रेमाने बघितलं आणि एक बोट गालावर फिरवून मला हळूच विचारलं,

"भाई, आ खावानुं छे के लगाडवानुं?"

* * *

आता मिलमधला. मी रोज सांगतोय, पांढरं असं होतं, तसं होतं, आई आता वाटीभर खाते, मावशी वाटी चाटतात. ऐकून ऐकून पोरं कंटाळली. म्हणाली, "प्रकाशभाई, बोलता काय, खिलवा!"

मी म्हटलं, घरून आणलं तर डब्यात थंड होऊन दगड होईल. त्यापेक्षा इथेच करू. आमच्या खोलीशेजारी लॅब आहे. तिथे हॉट प्लेट आहे, आणि काचेचे मोठे बीकर आहेत, नमुन्याचं कापड रंगवून बघायला वापरतात ते. त्यातला एक बीकर मी निवडला. साबणाने घासला, धुतला, उजेडात धरून बघितला. आरशासारखा! बटाटे सोलून, फोडी करून, पाणी घालून हॉट प्लेटवर ठेवले आणि शेजारच्या खोलीत रंग द्यायला गेलो.

परत आलो तर लॅबमध्ये गर्दी. मध्ये बीकर. बीकरमध्ये बटाटे. आणि बटाटे, काय सांगू तुम्हाला, मोरपंखी! कुठल्या कोपऱ्यात कणभर रंग चिकटून राहिला होता देव जाणे. पण असा एकसारखा चढला होता की एका फोडीवर डाग नाही, धब्बा नाही. उभ्या आयुष्यात साडीवर माझा इतका लेव्हल रंग चढला नव्हता!

खायचा प्रश्नच नव्हता. मी घाईघाईने बीकर उचलायला गेलो, तेवढ्यात दारात डाइंग मास्तर. मूळचे अमदावादचे, कडक माणूस. लॅबमध्ये पाण्याची बाटली उघडली तरी ओरडतात. मी म्हटलं, गेली नोकरी.

मास्तर जवळ आले. चिमट्याने एक फोड उचलली. खिडकीपाशी नेली. उजेडात फिरवून बघितली. मग ट्यूबलाइटखाली धरली, कारण शेड दोन उजेडांत तपासायची असते.

मास्तरांनी फोड परत बीकरमध्ये टाकली, चिमटा पुसला आणि पुढच्या लॉटलाही हुबेहूब हाच रंग पाहिजे असल्यासारखं मला विचारलं,

"शेड सारो छे, प्रकाशभाई. रिपीट आवशे?"

* * *

आणि मग आईची कवळी आली.

घरात दिवाळी! आईने आरशासमोर उभं राहून ती बसवली, ओठ इकडेतिकडे करून बघितलं. श्रुतीने फोटो काढायला मोबाईल वर केला, तर आईने हाताने खाली करायला लावला. "आते कोनले सांगू नका," ती म्हणाली. "सवय व्हऊ द्या." आम्ही म्हटलं, बरं.

त्या रात्री जेवायला संगीताने कळण्याची भाकरी केली, ठेचा केला, कांदा फोडला. आई कडाकडा खात होती. तो आवाज ऐकायला आम्ही तिघं आपलं जेवण थांबवून बसलो होतो. भाकरी संपल्यावर तिने मूठभर भाजलेले शेंगदाणे घेतले आणि एकेक फोडून खाल्ला. बांगड्या मनगटावर परत आल्या होत्या, ते तर मला आधीच दिसलं होतं.

मी आनंदात होतो. पण खरं सांगू? थोडं वाईटही वाटलं. आता माझं पांढरं कोण खाणार? बटाटे चेचायचा दांडा धुऊन, पुसून मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. निवृत्तीच्या दिवशी माणसाला काय वाटत असेल, ते मला ओट्यापाशी कळलं!

दुसऱ्या दिवशी साडेतीनला घरी आलो, बूट काढतोय, तर आई म्हणाली, "परकास, ते पांढरं कर."

"अगं, आता दात आलेत ना!"

"कर म्हनू ना. रोजसारखंच कर. मऊ."

मी उडी मारून दांडा काढला. आता सांगा, या माणसाने काय समजायचं? बाईला दात आलेत, भाकरी खाता येतेय, शेंगदाणे फुटताहेत, आणि तरी ती मागतेय माझं पांढरं! मी मिलमध्ये दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "गरज म्हणून खात होती ते वेगळं. आता आवड म्हणून खाते!" मास्तरांनाही सांगितलं. संगीताला तर रोज सांगायचो, "शेवटी हाताला चव लागते. तुझ्या वडिलांचं बरोबर होतं." ती साडीला लेस लावता लावता नुसती हसायची. मला वाटायचं, जळते.

असे कितीतरी दिवस गेले. रोज चारला मी वाट्या भरायचो, आई त्या घेऊन गॅलरीत चटई टाकायची आणि मला म्हणायची, "तू जाईसन आडा पड. थकी गया व्हशी." मी आत जाऊन आडवा पडायचो. आई माझी किती काळजी करते, असं वाटून डोळेही भरून यायचे.

एक दिवस मी नवा प्रयोग केला. भाजलेला लसूण आणि थोडं मिरं. कसं झालंय ते विचारायला आडवा न पडता दाराशी गेलो. जाळीचं दार लोटलेलं होतं. आई चटईवर एकटीच बसली होती, समोर दोन वाट्या. मी दार उघडणार, तेवढ्यात तिने गॅलरीत दोन्हीकडे बघितलं. पदराआड तोंड केलं, कवळी काढली, पाण्याने धुतली, कंबरेच्या स्टीलच्या डबीत ठेवली आणि डबी परत कनवटीला खोचली. पदर नीट केला. मग हाक मारली,

"कमलबाई! ये व माय, थंडं व्हई राहिनं!"

मी दारातच थांबलो.

कमलमावशी आल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसल्या. दोघींनी वाट्या उचलल्या. खाली रिक्षांचा आवाज, वर दोघी तोंड हलवताहेत. मावशींनी दोन चमचे खाल्ले आणि माझ्या नव्या प्रयोगाकडे बघून म्हणाल्या,

"काय वं, तुह्या पोराले इतकंच येते काय?"

"इतलंच," आई म्हणाली. "पन मन लाईसन करस."

दोघी खात राहिल्या. मावशींनी वाटीची कड बोटाने पुसली, बोट चाटलं, आणि आईच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"तुहे दात कवा येतीन वं?"

आईने पदर तोंडावर ओढला. दुसरा हात कंबरेच्या डबीवर होता.

"डॉक्टर म्हनस," ती म्हणाली, "आजून टाईम शे."